स्पृहाला हाक मारली नव्हती

ही घटना खरी आहे.

वर 'सत्य घटना' लिहून खाली वाट्टेल ते ठोकून देणाऱ्यांतली मी नाही. ज्यांच्या घरात हे घडलं ते लोक आजही काळाचौकीला त्याच चाळीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. अक्षदा माझी मावसबहीण. तिनं जे सांगितलं आणि जे थोडंफार मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेवढंच लिहितेय. त्या धबधब्याचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहिलं की तुमच्यातले अर्धे पुढच्या रविवारी पोरंबाळं घेऊन तिथं हजर होतील. माणसांना ओळखते मी.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या, बाराचे ठोके, रडणारं कुत्रं, असलं यात काही नाही.

जे झालं ते गेल्या वर्षी झालं. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी... भर दुपारी... स्वच्छ उन्हात.

आधी घरातली माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. अक्षदाचा नवरा हेरंब, लोअर परळला एका ऑफिसात आहे. सासू सुभद्राकाकू. सासरे गिरणीत होते, ते कधीच गेले. नणंद आकांक्षा, दिली लालबागलाच, मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या चाळीत. तिचा नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवतो. तिला एक मुलगा, शंतनु. आणि अक्षदाची मुलगी स्पृहा, साडेचार वर्षांची, इतकी बडबडी की शेजारपाजारचे तिला रेडिओ म्हणायचे.

या घरात एक रीत आहे.

वाहत्या पाण्यावर गेलं, मग नदी असो, समुद्र असो की धबधबा, तर निघताना घरातल्या बाईनं पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं. ज्याचे ज्याचे पाय पाण्याला लागले त्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "चल, घराक चल." ज्याचं नाव घेतलं त्यानं "इलंय" म्हणायचं. मालवणीत इलंय म्हणजे आलो. मग सगळ्यांनी चालू पडायचं आणि रस्ता लागेपर्यंत मागं वळून बघायचं नाही.

का, तर माणूस पाण्यात रमतं. अंग निघून येतं आणि जीव तिथंच रेंगाळतो. लेकरांचा तर हमखास.

गिरगावच्या चौपाटीवर भेळ खायला गेले तरी सुभद्राकाकू निघताना वाळूत उभी राहून सगळ्यांची नावं घ्यायची. अक्षदा नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला हसू आवरायचं नाही. मग सवय झाली.

त्याच्याही आदल्या वर्षी गणपतीला गावी गेले असताना सगळे त्या धबधब्यावर गेले होते. निघताना काकू नावं घ्यायला उभी राहिली. तिथं कॉलेजची पोरं व्हिडिओ काढत होती. आकांक्षाला लाज वाटली. "आई, बस कर ना, लोक हसतायत," म्हणाली आणि शंतनुला काखोटीला मारून सरळ गाडीत जाऊन बसली.

शंतनुचं नाव घ्यायचं राहिलं.

मुंबईत आला तो गप्प झालेला. पाच वर्षांचं हसतंखेळतं पोर... हाक मारली की ओ देईना. भूक नाही, तहान नाही, हट्ट नाही. भरवलं तर खायचा, झोपवलं तर झोपायचा. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. काकू मधेच एकदा एकटी गावी जाऊन आली, पण तेव्हा उन्हाळा होता आणि धबधबा ठणठणीत कोरडा.

त्या वर्षभरात अक्षदानं त्या पोरासाठी काय केलं नाही? आकांक्षाची नोकरी, म्हणून त्याला शाळेतून हीच आणायची. मांडीवर घेऊन घासघास भरवायची. त्याच्यासाठी मंगळवार धरले. स्वतःच्या लेकीला एकदा बाजूला बसवेल, पण शंतनुला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या गणपतीत काकूनं ठरवलं, यंदा पोराला पाण्यावर न्यायचं आणि हाक मारून आणायचं. अक्षदाला किती आनंद झाला. गाडी तिनंच ठरवली. मुलांसाठी पोहायच्या रबरी ट्यूबसुद्धा तिनंच घेतल्या.

ऊन पडलं होतं. पाणी उंचावरून पडत होतं, खाली गुडघाभर डोह. स्पृहा चिंब भिजून नुसती खिदळत होती. शंतनु पाण्यात उभा होता, हालचाल नाही. अक्षदा वर कातळावर सामान राखत बसली होती. तिचे पाय पाण्याला लागले नव्हते.

हेरंब वर आला.

"अक्षदा, स्पृहाचा पिवळा फ्रॉक गाडीत राहिला बघ. आण ना पटकन, कुडकुडतेय ती."

गाडी वर रस्त्याला. चढण अशी की धाप लागावी. ती गेली. सगळ्या पिशव्या उपसल्या, सीटखाली बघितलं. फ्रॉक नाही.

तेवढ्यात खालून सासूचा आवाज आला.

"शंतनु... चल रे झिला, घराक चल..."

ती थांबली. तिथूनच हात जोडले. पाण्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

ती अर्ध्या वाटेत उतरतेय तोवर सगळे वरच येत होते. स्पृहाच्या अंगात पिवळा फ्रॉक होता.

"हा कुठे मिळाला?"

"माझ्याच बॅगेत होता," हेरंब म्हणाला. "सॉरी यार, उगाच फेरा पडला तुला."

"वेंधळाच आहेस," म्हणून ती हसली. मग सासूला विचारलं, "नावं घेतली ना आई सगळ्यांची?"

"घेतली," काकू म्हणाली. तिची नजर खाली पायवाटेवर होती.

गाडी घाटाला लागली आणि मागच्या सीटवरून आवाज आला.

"मामी... भूक लागली."

शंतनु बोलला होता.

अख्खी गाडी रडली. आकांक्षा तर हुंदके देऊन रडली. अक्षदानं त्याला मांडीवर ओढलं, त्याचे मुके घेतले, वाटेत गाडी थांबवून त्याला वडापाव घेऊन दिला आणि त्यानं दोन खाल्ले. घरी पोचल्यावर हिनंच त्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नाही.

स्पृहा वाटेत एक अक्षरही बोलली नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, दमली असेल. मग वाटलं, सर्दी झाली असेल, कारण तिचे केस ओले लागायचे. पुसले की पुन्हा ओले. उशीला दमट वास, पाण्याकाठच्या दगडांना येतो तसा. अक्षदा तिच्यावर ओरडायची, "मोरीत जाऊन डोकं भिजवतेस ना?" स्पृहा नुसती बघायची.

तिच्या शाळेतल्या टीचर व्हायोला, डिसोझांच्या घरातल्या, आमच्या ओळखीच्याच. त्यांनी एक दिवस शाळा सुटल्यावर अक्षदाला थांबवलं.

"अक्षदा, घरी काही टेन्शन आहे काय?"

"नाही टीचर. का?"

"अगं, मी हजेरी घेते ना, स्पृहाचं नाव घेतलं की ती प्रेझेंट नाही बोलत." टीचर जरा अडखळल्या. "ती बोलते... 'स्पृहा नाही आली.'"

"मस्करी करत असेल."

"मला पण तसंच वाटलं. पण रोज? आणि हसत नाही गं ती बोलताना. मला भीती वाटते, खरंच सांगते तुला."

 अक्षदा घरी आली, स्वयंपाकाला लागली. बाई काय करणार? मनाला समजावत राहते.

त्यांच्या चाळीत पाणी पहाटे येतं आणि उजाडायच्या आत जातं. मग दिवसभर नळ कोरडा, पिंपातलं पाणी पुरवून वापरायचं.

त्या दुपारी सासू वर गच्चीवर पापड वाळत घालायला गेली होती. अक्षदा तांदूळ निवडत होती. अख्खी चाळ सुस्तावलेली, गॅलरीत चिटपाखरू नाही.

आणि मोरीतून आवाज आला...

पाण्याचा.

नळाची धार नव्हती ती. लांब कुठेतरी खूप उंचावरून पाणी पडत असावं, तसा आवाज. थांबत नव्हता.

अक्षदा उठली. मोरीच्या दारात गेली.

नळ बंद होता. खाली बादली कोरडी. आणि नळाकडे तोंड करून स्पृहा उभी होती, अगदी स्थिर, हात बाजूला सोडून. कपडे कोरडे. केसांतून मात्र पाणी टपकत होतं.

"स्पृहा."

काही नाही.

"स्पृहा, बाळा, इकडे ये."

मुलगी वळली नाही. पण बोलली. कितीतरी दिवसांनी बोलली.

"कशी येऊ? आजीनं मला हाक मारलीच नाही."



"काय म्हणालीस?"

"शंतनुदादाला मारली. आत्याला मारली. बाबांना मारली. मी म्हटलं, आजी, मी राहिले. आत्या म्हणाली, शूऽऽ." ती जरा थांबली. नळातला आवाज वाढला. "मग बाबा म्हणाले, तू शहाणी आहेस ना? येशील मागून."

आणि आवाज बंद झाला. अक्षदानं पदरानं तिचे केस टिपले. अक्षदाला पहिल्यांदा काय आठवलं असेल?

फ्रॉक.

तो पिवळा फ्रॉक हेरंबच्या बॅगेत होता. घरून निघताना त्याच्यादेखत तिनंच तो तिथं ठेवला होता आणि गडबडीत विसरून गेली होती. आणि तरी त्यानं तिला वर गाडीकडे पाठवलं होतं.

चोरांनी लुटलं तर माणूस बोंब तरी मारतं. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो त्यानंच केसानं गळा कापला तर कुणाकडे जायचं, सांगा?

सासू गच्चीवरून खाली आली तेव्हा अक्षदा दारातच उभी होती.

"आई, माझ्या पोरीचं नाव घेतलं होतं?"

 काकू खोटं बोलू शकली असती. पण देवाला घाबरणारी बाई ती. पापडाचं ताट खाली ठेवलं.

"एक ठेवल्याशिवाय पाणी एक सोडीत नाय गो. माका म्हायत होता. पण शंतनुच्या आवशीन, आकांक्षान, वरीसभर हाक मारली, तो इलो नाय. तिची दशा माका बघवना."

"म्हणून माझी मुलगी?"

"तुझा चेडू येतला," काकू घाईनं म्हणाली. "तू हाक मार. तुझो जीव मोठो. माझ्या आकांक्षाच्यान जमला नाय, तुझ्याच्यान जमतला. आम्ही तुका सांगणारच होतंव."

"कधी?"



संध्याकाळी हेरंब ऑफिसातून आला. बूट काढत होता. अक्षदानं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"फ्रॉक कुठे होता, हेरंब?"

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.  मग म्हणाला,

"बॅगेत."

"तुला माहीत होतं."

"आई बोलली, आठवड्याभरात परत जाऊ, तुला सगळं सांगू. मी सांगणार होतो, आईशप्पथ. पण शंतनु हसायला लागला गं. इथं येऊन उड्या मारायला लागला. ताई वर्षानंतर जेवली पोटभर. मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत. मग अजून दोन..."

"आणि स्पृहा?"

हेरंबनं वर बघितलं. तो रडत होता. खरं सांगते, तो वाईट माणूस नाही. पण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा असा भला माणूस रडत समोर बसला की बायकोनं काय करावं?

अक्षदा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या निघायचं."

"पितृपक्ष चालू आहे," सासू आतून पुटपुटली. "शुभ काम करू नये."

"हे शुभ काम नाहीच," अक्षदा म्हणाली.

तिघंच गेले. ती, हेरंब आणि स्पृहा. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला वर रस्त्यावरच थांबला.

खाली कोणी नव्हतं. गणपतीची गर्दी ओसरलेली. पाणी पडत होतं, ऊन होतं, सगळं तसंच. हेरंबनं स्पृहाचा हात धरला आणि दोघं डोहात उतरले. अक्षदाही चपला काढून उतरली. पाणी घोट्याला लागलं.

ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या मागे तिचा नवरा. त्याच्या हातात तिची मुलगी.

"स्पृहा... चल गो बाय, घराक चल."

उत्तर नाही.

"स्पृहा, चल बाळा... आई आलेय. घराक चल."

काही नाही.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं.

धबधब्याचा आवाज येत नव्हता.

पाणी पडत होतं. पाठीवर तुषार उडत होते. पायांशी लाटा हलत होत्या. पण आवाज... अजिबात नाही. कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

तिनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. ज्या माऊलीचा जीव मोठा म्हणाले होते, तिच्या हाकेनंही काही आलं नाही.

एक ठेवल्याशिवाय पाणी एक सोडत नाही.

ती मला म्हणाली, "तेव्हा मी स्वतः राहायचं ठरवलं होतं. देवाशप्पथ ठरवलं होतं. हेरंबचं नाव घेणार होते, स्पृहाचं घेणार होते, माझं घेणार नव्हते." त्याचं नाव ओठावर आलं होतं.

तेवढ्यात मागून हेरंब बोलला. हळू, समजावणीच्या आवाजात. फ्रॉक आण म्हणाला होता, त्याच आवाजात.

"अक्षदा... नाही आली तर राहू दे आता. आपण पुढच्या वर्षी येऊ परत. ताईनंपण वर्ष काढलंच ना?"

पुढच्या वर्षी.

अक्षदानं ओठावर आलेलं नाव गिळलं.

"अक्षदा, चल, घराक चल," ती मोठ्यानं म्हणाली. आणि स्वतःच उत्तर दिलं, "इलंय."

मग म्हणाली, "स्पृहा. चल गो बाय. घराक चल."

आणि गप्प राहिली.

हेरंबला सगळं कळलं असणार. या घरातलाच तो, लहानपणापासून हे ऐकत आलेला. तो थांबला, पुढच्या नावासाठी. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अक्षदा... माझं?"

ती बोलली नाही.

"अक्षदा..."

आणि पाण्याच्या मागून, खूप आतून, बारीक आवाज आला.

"इलंय."

त्याच क्षणी धबधब्याचा आवाज एकदम सुटला, कानठळ्या बसतील असा. एक छोटा गरम हात तिच्या हातात आला. तिनं तो घट्ट धरला आणि चालायला लागली. मागं बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही.

चढणीवर स्पृहाची बडबड सुरू झाली. पाय दुखतात, भूक लागली, ते बघ फुलपाखरू. अक्षदा रडत होती आणि चढत होती. मागून पावलं वाजत होती, ओल्या बुटांची.

"आई, बाबांना हाक मारायची राहिली."

"ते शहाणे आहेत," अक्षदा म्हणाली. "येतील मागून."

आला तो. रिक्षात बसला, गाडीत बसला, घरी आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातही गेला.

मी दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेले होते, तेव्हाचं सांगते. हेरंब कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. केस ओले, शर्टाची कॉलर ओली. मी म्हटलं, "काय भावोजी, अंघोळ आता झाली वाटतं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. 

सुभद्राकाकूनं आतून हाक मारली, "हेरंबा, फराळ घे रे झिला."

तो शांतपणे म्हणाला, "तो नाही आला."

काकू दारातच थांबली. तिनं सुनेकडे बघितलं. अक्षदा चकल्यांचा डबा लावत होती. तिनं मान वर केली आणि सासूकडे बघितलं.  एकाच गॅसवर दोघी रांधतात, एकाच पिंपातलं पाणी पितात, आणि आजपर्यंत त्या विषयावर बोललेल्या नाहीत. काय बोलणार? काकूनं जे पेरलं तेच तिच्या पोटच्या पोराच्या रूपानं उगवून समोर बसलंय.

शंतनु ठणठणीत आहे. स्पृहाचा रेडिओ दिवसभर चालू असतो.

मी निघताना अक्षदा मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तेव्हा हे सगळं तिनं सांगितलं. सांगताना एकदाही रडली नाही. शेवटी तर जरा हसलीच.

"परवा स्पृहा विचारत होती, बाबांना कधी आणायचं? मी म्हटलं, पुढच्या गणपतीत, पाणी असतं तेव्हा. तर म्हणते कशी..."

"काय म्हणते?"

"म्हणते, आई, मग तिथं कोणाला ठेवायचं?"

मी हसले नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. मी सगळं मनातून काढून टाकलं होतं. पण गेल्या आठवड्यात अक्षदाचा फोन आला. आवाज गोड, अगदी पूर्वीसारखा. म्हणाली, "यंदा गणपतीला गावाला चल ना आमच्याबरोबर. कधीची म्हणतेस येते येते. तुझ्या पोरांनाही घे. मजा करू, धबधब्यावर जाऊ."

मी म्हटलं, "बघते, यांच्या सुट्टीचं विचारून सांगते."

"बघते नाही, यायचंच," ती म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "अगं, तुझ्या धाकट्याला आपण सगळे सोनूच म्हणतो. त्याचं खरं नाव काय ठेवलंय?"

"का गं?"

"असंच. हाक मारायला नको का माहीत?"

मी नाव सांगितलं नाही. फोन कट झाला म्हणून खोटं बोलले.

ती माझी मावसबहीण आहे. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. ती असं काही करणार नाही, हे मला माहीत आहे.

पण हेरंब तिचा नवरा होता. आणि त्यानं असं काही केलं नसतं, हे तिलाही माहीत होतं.

कालपासून तिचे चार मिस्ड कॉल आहेत. आणि आज दुपारी, नळाला पाणी नसताना, आमच्या मोरीतून आवाज येत होता.